माझ्या नावाचा नांगर

५ डिसेंबर १९३८
देवळालीला गाडीतून उतरलो तेव्हा थंडीनं दात वाजत होते, पण फलाटावर जमील दिसला आणि सगळं विसरलो. लहानपणापासून मासेमारीच्या एकाच मचव्यावर वाढलो आम्ही. जिवाला जीव देणारा माणूस. इथल्या लष्करी कॅम्पातल्या एका साहेबाची शिडाची होडी तो सांभाळायचा. आता त्याला बाजारात दुसरं काम मिळालंय, म्हणून ही नोकरी त्यानं मला दिली. नाशकाकडं कुठला आलाय समुद्र, म्हणून घरी सगळे हसले होते. हसू देत. धरणाचं पाणी बघून मला समुद्रच आठवला.
जमील मात्र वाळून काडी झालाय आणि सारखा खोकतोय. काढा घे म्हटलं, तर नुसता हसला.

६ डिसेंबर
होडी झकास आहे. डोंगराच्या कुशीत पाणी आत शिरलंय, त्याला मी आपली खाडीच म्हणतो. साहेबाचा हुकूम, होडी तिथंच उभी करायची आणि राखणदारानं तिच्यावरच राहायचं. वारा नाही, लाट नाही. पाण्यात हात घातला तर कोमट! डिसेंबरात! आंघोळीची चैन झाली.
नांगर जमीलनं टाकला. इथली रीत आहे म्हणाला, आणि टाकताना मोठ्यानं माझं नाव घेतलं: अन्सारच्या नावानं. मला भरून आलं. मग तो काठावर उतरला आणि दावं सुटलेल्या वासरासारखा पळत सुटला. मागं वळूनही बघितलं नाही. गंमत म्हणजे खोकला पार थांबला होता.

९ डिसेंबर
काम कमी, खाणं चांगलं. धाकट्या सलाउद्दीनला पत्र टाकलं, तूही ये. अब्बा गेल्यावर मीच वाढवलंय त्याला. मी सांगितलं तर विहिरीत उडी टाकेल, असा वेडा.
एक गोष्ट खटकते. धरणातून पाणी सोडतायत, काठ उघडा पडतोय. म्हणजे नांगराचा दोर सैल पडायला हवा. तो उलट ताठ होतोय.

१३ डिसेंबर
नांगर उचलून पाहिला. येत नाही. मी ओढला तर खालूनही ओढ लागली. झटका नाही, सावकाश, म्हैस दाव्याला ओढ देते तशी.
जमीलला विचारावं म्हणून कॅम्पाची वाट धरली. टेकडी चढेपर्यंत खोकला सुरू झाला. पुढं गेलो तसं तोंडातून पाणी पडायला लागलं. कोमट पाणी. गुडघ्यावर रांगत परत आलो. होडीवर पाय ठेवला आणि खोकला गेला.
तेव्हा जमीलचा खोकला आठवला.

१४ डिसेंबर
काठावर लंकाबाई शेरडं चारते. तिचं गाव या पाण्याखाली गेलंय. पाणी कोमट का, असं विचारलं तर म्हणाली, खाली चुली अजून पेटत्या हायेत. धरण झालं तवा बाकीची उठून गेली, काही उठलीच नाय, तशीच बुडाली. आपल्याला टाकून गेले याचा त्यांना लय राग. म्हणून कोणी नांगर टाकला की धरून ठेवतात, ज्याच्या नावानं टाकला त्याला. सुटायचं तर एकच, दुसऱ्याच्या नावानं टाकायचा. त्याला आणायला जाणाऱ्याला तेवढ्यापुरता दोर सैल सोडतात. तोही आपल्यावर भरवसा असलेला माणूस पाहिजे. दुसरा त्यांना चालत नाय.
आधी कोणाच्या नावाचा होता, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.
सलाउद्दीनला येऊ नको म्हणून दुसरं पत्र लिहून तिच्या हाती दिलं.

१७ डिसेंबर
जमील आला. पाण्यापासून लांब उभा राहिला. मी शिव्या घातल्या, घसा फुटेपर्यंत. तो रडला. म्हणाला, माझ्यावर एवढा भरवसा तुझ्याशिवाय कोणाचा होता रे? आणि जाताना म्हणाला, तुझ्यावरही कोणाचा तरी असेलच.
केसानं गळा कापला. ज्याच्या ताटात जेवलो त्यानं.

१९ डिसेंबर
होडीची नाळ, पुढचं टोक, पाण्याला टेकली. कोयत्यानं दोर तोडायला गेलो — पहिल्याच घावाला माझा श्वास कोंडला. तळाला पाणी साचतंय. उपसतो, तेवढंच पुन्हा.
खालून भाकरी भाजल्याचा वास येतो. भरदुपारी.

२० डिसेंबर
काठावर सलाउद्दीन. खांद्यावर वळकटी. दुसरं पत्र पोचलंच नाही —
मागं फिर म्हणून ओरडलो. त्याला वाटतंय मी बोलावतोय. हसतोय. विजार गुडघ्यापर्यंत दुमडतोय.

नांगर आपणहून वर आला. फुलासारखा हलका. वाट बघतायत, कोणाच्या नावानं टाकतो —
जमीलच्या नावानं टाकला. परत हातात आला. पुन्हा टाकला, जमीलच्या नावानं, जमीलच्या — परत. मला फसवल्यावर त्याचा आता माझ्यावर कसला भरवसा.

होडी बुडतेय. पाणी मांडीपर्यंत. वही उंच धरलीय.
भाऊ, आलो, म्हणतोय तो. कमरेएवढ्या पाण्यात आलाय. पाणी किती ऊन आहे, म्हणतोय.
मी त्याला वाढवलंय. मी त्याचं नाव नाही घेणार. या अल्लाह, मी नाही —
पाणी छातीशी. नांगर हातात आहे. तोंड उघडलं की नाव —