गाळा नंबर सात आणि बोंबलाला नमस्कार

सिल्वासा,
बुधवार (काल अमावास्या झाली)

ति. आक्का हिस,

धाकट्या अनंताचा साष्टांग नमस्कार. (गुडघे आता माझेही कुरकुरायला लागलेत, तेव्हा नमस्कार अर्धा जमिनीवर आणि अर्धा कागदावर असं समजून घे.) तुझी सांधेदुखी कशी आहे? विजयाने पाठवलेलं तेल तू स्वतःला लावतेस की नेहमीसारखं गोठ्यातल्या म्हाताऱ्या म्हशीला, ते खरं खरं कळव. इकडे सगळं ठीक. विजयाची शाळा सुरू आहे, आणि चिरंजीव अमोल नरोलीच्या कंपनीत चांगला रुळलाय. त्याचं वजनही वाढलंय, पण त्याविषयी मागाहून. फोन न करता पत्र का लिहिलं म्हणशील, तर फोनवर तू मधेच "पुरे झालं तुझं पुराण" म्हणून ठेवून देतेस आणि ही हकिगत शेवटपर्यंत ऐकायची आहे. कागद तू फाडशील, पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस. एवढी मी तुला ओळखतो.

तर झालं असं. आमच्या ऑफिसने बागेशेजारी आठ गाळे बांधले आणि चिठ्ठ्या काढून ते वाटायचं ठरवलं. सात नंबरचा गाळा मंगलाबाई नावाच्या बाईंना लागला. बाई मूळच्या शिंदखेड्याकडच्या, विधवा. नवरा इथल्या सूतगिरणीत होता. तो गेल्यावर बाईंनी नरोलीला भाड्याच्या एका खोलीत खाणावळ काढली. कंपनीतली पोरं पाळीने जेवायला येतात, कारण त्या खोलीत एका वेळी सहाच मावतात, सातवा दारात ताट धरून उभा. वर खोलीमालकाने दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलेली. म्हणजे गाळा मिळाला तर खाणावळ, नाही तर पोरीला घेऊन परत गावी, दिराच्या दारात. बाईंचा जीव त्या एका मंजुरीपत्रात अडकला होता आणि मंजुरीपत्राची फाइल होती माझ्या टेबलावर.

आता मन घट्ट कर. मंगलाबाई जलदया पंथाच्या आहेत. हा पंथ तू ऐकला नसशील, मीही नव्हता ऐकला. तापीकाठच्या दहाबारा गावांपलीकडे तो कुणी ऐकलेला नाही. त्यांचं म्हणणं असं, की मासे खाणारा पुढल्या जन्मी मासा होतो आणि त्याने खाल्लेला मासा जाळं घेऊन किनाऱ्यावर उभा राहतो. (तुझ्या बाबतीत किनारा पुरायचा नाही, आक्का. रागावू नकोस.) खाणावळीच्या भिंतीवर बाईंनी पुठ्ठ्यावर लिहून लावलंय, "माशांवर दया करा, पुढचा नंबर तुमचा आहे." हे वाचून तुला त्या कीर्तनकाराची आठवण येईल, ज्याने आपल्या अंगणात मासे खाण्याला पाप म्हटलं आणि ज्याला तू तांब्यातलं पाणीसुद्धा न पाजता वाटेला लावलंस. मलाही तोच आठवला. माझीही तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुझ्याच हातची कोलंबी खाऊन वाढलोय.

आमचे साहेब जयवंतराव. मुंबईचे, माणूस मनाने भला, पण मासा म्हटलं की साहेबांना ऑफिस दिसत नाही. (दुसरा एक विशेष म्हणजे अमावास्येला ते सही करत नाहीत. एकोणीस वर्षांच्या नोकरीत केलेली नाही. त्या दिवशी आमच्याकडे फक्त चहा मंजूर होतो.) ते एकदा नरोलीला कुठल्या तरी पाहणीला गेले, दुपार झाली, जवळ दुसरं काही दिसेना म्हणून मंगलाबाईंच्या खोलीत भाकरी मागवून बसले आणि शेजारी स्वतःचा डबा उघडला. डब्यात सुके बोंबील. खोलीतली पोरं जेवायची थांबली. बाई चुलीवरून उठल्या. साहेबांना वाटलं, आता हाकलणार. पण बाईंनी पदर डोक्यावर घेतला, डब्यासमोर दोन्ही हात जोडले आणि बोंबलाला म्हणाल्या, "चूकभूल माफ कर बापा, पुढल्या जन्मी चांगल्या घरी ये." मग साहेबांच्या ताटात अजून एक गरम भाकरी टाकली आणि आपल्या कामाला लागल्या. बस्स. पण साहेबांच्या घशाखाली तो बोंबील काही उतरेना. पुढे आठ दिवस घरीसुद्धा उतरेना, म्हणे. ताटात बोंबील आला की तो आपल्याकडे बघतोय असं वाटायचं.

झालं! साहेबांनी फाइल मागवली. ज्या बाईच्या डोक्यात असले विचार, तिला सरकारी गाळा देणार? सरकार सर्वांचं आहे, खाणाऱ्यांचंही आहे, सबब नकाराचं पत्र तयार करा. कारण काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "मालकाची धार्मिक मते सार्वजनिक जागेस बाधक". मी खुशीत मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. फक्त पत्रात कलम घालावं लागतं आणि ते काही सापडेना. गाळ्यांचे नियम मी तीनदा वाचले. पाणी कसं हवं, कचरा कुठे टाकावा, वजनकाटा कधी तपासावा, सगळं आहे. मालकाने पुढल्या जन्माविषयी काय समजूत ठेवावी यावर एक ओळ नाही. शेवटी साहेब म्हणाले, जा आणि बाईचा जबाब घेऊन या, तिच्या तोंडूनच काहीतरी निघेल.

गेलो. वही उघडली, पेन काढलं, आवाज जमेल तेवढा सरकारी केला. बाईंनी वहीकडे पाहिलं आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. "आधी जेवी ल्या भाऊ, मंग लिखा." ताटात कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. आक्का, त्या भरिताबद्दल मी तुला काही सांगणार नाही, कारण तू म्हणशील अनंता पाघळला. मी पाघळलोच. जेवून हात धुतल्यावर विचारलं, की मासे खाणाऱ्यांबद्दल तुमचं मत काय? म्हणाल्या, ते मासे होतील. मग त्यांना जेवायला का वाढता? तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला आपण शाळेत पाटी विसरून गेल्यासारखं वाटलं. म्हणाल्या, "भाऊ, कोणाच्या पोटात काय आहे ते मी पाहत नाही, ताटात काय कमी आहे ते पाहते." त्यांची पोरगी धनश्री तेवढ्यात मला पुन्हा भाकरी वाढून गेली. पोरगी चुणचुणीत आहे, हेही मी वहीत लिहिलं. (का लिहिलं ते त्या वेळी कळलं नव्हतं.)

तो जबाब वाचून साहेब आणखी चिडले. म्हणाले, एकट्या तिचीच चौकशी केली तर आपण पक्षपाती ठरू, आठही गाळेवाल्यांची धार्मिक मते तक्त्यात भरा. आता माझी काय वरात निघाली म्हणून सांगू! बाकीचे सात गाळे तोवर सुरू झाले होते. भर उन्हात मी गाळोगाळी "आपला विश्वास कशावर?" विचारत हिंडतोय आणि लोकांना वाटतंय विमा विकायला आलोय. चहावाला भावेश रोज पहिला कप रस्त्याला पाजतो. रस्ता सरकारी, कप त्याचा. मोबाइलवाला विकी राहुकाळात नवीन फोनचं खोकं उघडत नाही, गिऱ्हाईक रडलं तरी नाही. शिंपी शनिवारी कापडाला कात्री लावत नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, माझा कशावरच विश्वास नाही. ते ऐकून शेजारचे दोघे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, हा खरा बाधक, याचं आधी बघा. तक्ता भरून झाला आणि माझ्या लक्षात आलं, की साहेबांचं कलम लावलं तर आठही गाळ्यांना आठ कुलपं लागतात आणि नववं साहेबांच्या केबिनला लावावं लागतं.

हे साहेबांना तोंडावर सांगायची माझी काय बिशाद! पण तुला सांगतो आक्का, त्याच टेबलावर भर दुपारी माझं मत फिरलं. मंगलाबाईंनी एखाद्याला, तू मासे खातोस म्हणून दारातून परत पाठवलं असतं ना, तर मी स्वतःच्या हाताने नकार खरडला असता, भरीत गेलं खड्ड्यात. दुकान सगळ्यांसाठी उघडं नसेल तर सरकारने गाळा का द्यावा? पण जी बाई सगळ्यांना सारखं वाढते, तिच्या मनातला पुढला जन्म तपासायला सरकारने कुठला वजनकाटा आणायचा? सरकारने पाणी बघावं, उंदीर बघावेत. डोक्यात शिरू नये. एकदा शिरलं की ते तुझ्याही डोक्यात शिरणार, माझ्याही, आणि तिथे काय काय सापडेल देव जाणे. हा विचार करताना मला कसंसंच होत होतं, कारण मत बाईंचं आवडलं नव्हतंच. आजही आवडत नाही. बांगडा समोर आला की मी तो खातो.

तर साहेबांनी नकारपत्राचे मसुदे करायला घेतले. पहिला फार कडक झाला, दुसरा फार मऊ, तिसऱ्यात "बोंबील" हा शब्द राहून गेला, चौथा पुन्हा कडक. आमच्या नियम नऊप्रमाणे चिठ्ठी निघाल्यापासून तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर गाळा मंजूर समजला जातो. पाचवा मसुदा टाइप होऊन साहेबांपुढे गेला तो तिसाव्या दिवशी, गेल्या महिन्यात. मंगलाबाई आणि धनश्री सकाळपासून बाहेर बाकावर बसलेल्या. बाईंच्या हातात खोलीची किल्ली होती, ती त्या सारखी मुठीत दाबत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पेन कागदाला टेकवणार इतक्यात त्यांची नजर समोरच्या कॅलेंडरवर गेली, आणि टोपण पुन्हा लागलं. अमावास्या! दिवसभर साहेब केबिनमध्ये येरझारा घालत होते. दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. संध्याकाळी ऑफिस बंद झालं आणि गाळा नंबर सात मंजूर झाला. बाहेर येऊन बाईंना सांगितलं, तर त्या पदराने तोंड झाकून रडल्या. आक्का, मीसुद्धा जरा रडलो. सर्दी झालीय असं शिपायाला सांगितलं.

आता साहेब दर बुधवारी गाळा नंबर सातवर भरीत खातात आणि डब्यातले बोंबील मला देतात. पुठ्ठा भिंतीवर तसाच आहे, खाली बसायला आता बारा जणांची जागा आहे. असा सगळा आनंद आहे. प्रकृतीला जप, म्हशीला माझा नमस्कार सांग, आणि थोडे सुके जवळे पाठव.

तुझाच,
अनंत

ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही म्हणून लिहितो. ते कॅलेंडर आधी साहेबांच्या पाठीमागे होतं. त्या दिवशी सकाळी मीच ते समोरच्या खिळ्याला लावलं. आणि पाचवा मसुदा मी एका बोटाने टाइप केला.

ता. क. दुसरा. अमोलचं वजन का वाढलं ते लिहायचं राहिलं. तो गेले सहा महिने मंगलाबाईंकडे जेवत होता आणि भाकरी धनश्री वाढत होती. दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. मला त्याने हे गाळा मंजूर झाल्यानंतरच्या गुरुवारी सांगितलं, म्हणजे कॅलेंडरच्या बाबतीत माझं मन स्वच्छ आहे. (विजया म्हणते, तिला महिनाभर आधी ठाऊक होतं आणि तिने मला सांगितलंही होतं, पण तेव्हा मी घोरत होतो. झोपेत ऐकलेलं धरू नये.) आपल्या घरात तुझ्या होकाराशिवाय सुपारी फुटलेली नाही, माझीही नाही. हे विचारायला महिनाभर धीर गोळा करत होतो. त्या कीर्तनकारासारखं या पोरीला अंगणातून परत पाठवू नकोस गं.

ता. क. तिसरा. नियम नऊ तुलाही लागू केला आहे. तीस दिवसांत नकार आला नाही, तर सोयरीक मंजूर समजण्यात येईल. आजचा दिवस धरून मोजलंस तर शेवट अमावास्येच्या आसपास येतो, आणि अमावास्येला तू कागदाला हात लावत नाहीस. नकार द्यायचाच असेल तर त्याआधी इथे येऊन, आमच्यापुढे बसून दे. मंगलाबाईंना मी सगळं सांगितलंय. आमच्या घरात आठवड्यात चार दिवस मासे असतात आणि तू आलीस की सातही दिवस, हेसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून नवा तवा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा तुमच्या आक्कांचा, माझ्या घरी आल्या तर त्यांना त्यांचा मासा तळता आला पाहिजे. मी तोवर बाहेर बसेन." फक्त तळायच्या आधी त्या तुझ्या सुरमईला एकदा नमस्कार करणार आहेत. तेवढा त्यांना करू दे, आक्का.