पट्टी लावलेली बटणं

आई,

परवा दादाचा सत्कार झाला. कुपवाडच्या त्याच्या कारखान्यात यंदा वीज वाचवायची मोहीम होती. काम नसताना मशीन, कॉम्प्युटर, पाण्याचे कूलर उगीच चालू राहू नयेत म्हणून त्यानं सगळ्यांच्या मागं लागून, पाळी संपली की मेन बटणं बंद करायची सवय लावली. शाल, नारळ, टाळ्या. घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मी साताऱ्याहून गेले. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "ही माझ्या आईची शिकवण." आवाज भरून आला होता त्याचा. तो खोटं बोलत नव्हता, तेच मला सहन होईना.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याच्या सांगलीच्या फ्लॅटमधला तो उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गाव सोडून तू नुकतीच त्याच्याकडे राहायला गेली होतीस. मी भेटायला आलेय, आणि तू टीव्हीखालच्या डब्यावर तळहात ठेवून उभी आहेस. "बंद हाय म्हणतोस, मग ह्ये तापलंय कशानं रं? कुणी बघंना, तरी खातंयच की." रिमोटनं बंद केलेला टीव्ही तुझ्या लेखी बंद नव्हताच. टीव्ही, मायक्रोवेव्ह, चार्जर, सगळ्यांची भिंतीवरची बटणं बंद करत तू घरभर फिरायचीस. त्या दुपारी त्यात इंटरनेटच्या डब्याचंही बटण गेलं आणि आतल्या खोलीत साहेबांना पाठवायचं दादाचं काम अर्ध्यात तुटलं. तो तणतणत बाहेर आला. "अडाण्यासारखं काय करतेस? या घरात एकाही बटणाला हात लावायचा नाही!" मग चिकटपट्टी आणून हॉलमधल्या, स्वयंपाकघरातल्या बोर्डांवर त्यानं ती माझ्यादेखत लावली. तू तांब्या हातात धरून बघत होतीस. "बरं," एवढंच म्हणालीस.

पुढच्या खेपेला आले तर भर वैशाखात तू तुझ्या खोलीत पंख्याशिवाय बसलेली. पोलकं घामानं पाठीला चिकटलेलं.

"अगं, पंखा लाव की," मी म्हणाले.

"त्यो आला की इचारते."

तुझ्या खोलीतल्या बटणांवर पट्टी नव्हतीच, आई.

परवा कार्यक्रम संपल्यावर मी दादाला बाजूला घेतलं. म्हटलं, "त्या पट्टीचं का नाही सांगितलंस?"

"कसली पट्टी?" तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं. तेवढ्यात वहिनीनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते. मला त्याच्यापेक्षा तुझाच राग जास्त येतो. तू तिथं असतीस, तर पहिल्या रांगेत बसून डोळ्यांना पदर लावला असतास आणि शेजारच्या बाईला सांगितलं असतंस, "माझा ल्योक हाय त्यो."