तिच्या स्क्रीनचा उजेड

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज चहाच्या जरा आधी तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि माझं सगळं बदललं.

दिवाळीपासून या स्टुडिओत लोकांच्या लग्नाचे अल्बम जुळवतोय. संयोगिताचं टेबल माझ्या टेबलाला काटकोनात. तिनं मान वर केली की समोर मीच. पण करते कुठं! नवरीच्या गालावरचे डाग काढण्यात दिवस जातो तिचा.

झालं असं. तिचा मॉनिटर जुना. खालची बटणं कधीच मेलेली, त्यामुळं उजेड कायम फुल्ल. मागच्या आठवड्यात म्हणाली, "डोळं जळत्यात रं, जरा कमी होतोय का बघ की." लॅपटॉपचा उजेड बसल्या जागी कमी होतो, वेगळ्या मॉनिटरचा होत नाही. त्याची पट्टीच कंप्युटरमध्ये दिसत नाही. पण ज्या केबलमधनं चित्र जातं, त्याच केबलमधनं मॉनिटरला हुकूमही देता येतो. बटणाला हात न लावता! हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. एक छोटा प्रोग्रॅम शोधला, तिच्या कंप्युटरवर टाकला, शंभरचा उजेड साठावर आणला. "बरं वाटलं बघ," म्हणाली. बस्स, तेवढंच.

एक गोष्ट तिला सांगितली नाही. दुकानातले कंप्युटर एकमेकांना जोडलेले आहेत. माझ्या कीबोर्डवरची दोन बटणं मी त्या प्रोग्रॅमला बांधलीत. इथं दाबलं की तिथं तिचा उजेड खाली. दुसरं दाबलं की वर.

मालक म्हणजे सयाजीदादा समोर बसलेले असले की बोलायची सोय नाही. लगेच म्हणतात, "लगीन लोकांचं हाय, तुमचं न्हवं." म्हणून आज बटण दाबलं. एकदम नाही — हळूहळू, संध्याकाळ होते तसं. साठ, पन्नास, तीस. तिनं डोळे मिटले, उघडले. मान वर केली. सरळ माझ्याकडं! मी हसलो. तीही हसली, अर्धवट. मग मी उजेड परत चढवला.

कळलं तिला. बोलावं लागलंच नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रोज होतंय. चहाची वेळ झाली की मी तिच्या स्क्रीनवर संध्याकाळ करतो. ती वर बघते. मी हसतो. आमची खूण.

घरी मात्र तेच. उचगावच्या घरात पाय ठेवला की वडील, म्हणजे आण्णा, सुरू. बाहेर पावणं बसलेले, त्यांच्यासमोर म्हणाले, इंजिनिअर व्हायला पाठवलेला, आता लोकांच्या नवऱ्यांना पावडर लावतोय. मी ताट सरकवून उठलो. कॉलेजात पण असाच उठलो होतो — सरांनी सगळ्या वर्गापुढं बाप काढला, मी त्यांची कॉलर धरली. माफी माग म्हणाले. नाही मागितली, कॉलेज सुटलं. नाही म्हणजे नाही!

तिला हे सांगितलं तर तिला कळेल. तिला सगळं न सांगता कळतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

"मी येतो," म्हणून गेली संध्याकाळी. येते नाही, येतो! तिच्या गावचं, नेसरीचं बोलणं; तिकडं बायकाही असंच बोलतात. गाडी चालवताना हेल्मेटच्या आत तेच म्हणत होतो. मी येतो. मी येतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

राजवीर नावाचा कुणीतरी आहे.

कागलचा. साखर कारखान्यात नोकरी. दोन्ही घरं बोलणी करतायत, असं सयाजीदादा बोलता बोलता सहज बोलून गेले. अल्बम आपल्याकडंच करायचा, म्हणे. सहज! माझ्या हातातला कप आपटायचा राहिला.

दुपारी त्याचा फोन. ती स्क्रीनकडं तोंड करून हळू आवाजात बोलत होती. कान लाल झालेले. मी बटण दाबून धरलं. साठावरनं थेट दहा. तिनं बोलणं थांबवलं. वर बघितलं, माझ्याकडं. बराच वेळ. मग "नंतर करतो" म्हणून फोन ठेवला.

ठेवला! माझ्यासाठी ठेवला.

आता त्याचा किंवा तिच्या घरचा फोन आला की दहा, तासभर तसंच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती सारखी बेसिनवर जाऊन डोळ्यांवर पाणी मारते. आज दादांना विचारत होती, ट्यूब बारीक झालीय का. दादा म्हणाले, ट्यूब नवीन हाय, तुझा चष्मा तपास.

रडते की काय? त्याच्यामुळं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मुरगूडच्या लग्नाचा अल्बम छापून आला. सगळे चेहरे चुना फासल्यागत! नवरीच्या नथीचे मोती गालात विरघळलेले. गिऱ्हाईक दारातच ओरडायला लागलं, "हे आमचं लगीन हाय का दवाखान्यातलं?"

मला बघताक्षणी कळलं. स्क्रीन अंधारा असला की फोटो काळपट दिसतो. माणूस तो उजळवत बसतो. स्क्रीनवर बरा दिसेपर्यंत उजळवतो, आणि कागदावर राख होते.

दादा तिला लागेल असं बोलले. तिनं मान खाली घालून एवढंच म्हटलं, "माझं चुकलं दादा. मला दिसलं न्हाय."

मी उठणार होतो. खुर्ची मागं सरकवली पण. मग काय सांगणार होतो सगळ्यांसमोर? आमची खूण आहे म्हणून? तिचंच नाव खराब झालं असतं.

बसलो. आता फक्त चहाला. तेही थोडंसंच.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मोडलं! राजवीरचं मोडलं!

तिनंच मोडलं. मी भडंग आणलं होतं, तिच्यापुढं ठेवलं. खाल्लं नाही. एक एक शेंगदाणा बाजूला काढत बसली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, त्याला 'नाही' म्हणून कळवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तूच एकटा विचारतोस रं."

घरी येईपर्यंत गाडीवर गात होतो. आण्णा काहीबाही बोलले, ऐकू आलं नाही.

पण जेवताना ते बाजूला काढलेले शेंगदाणे आठवले. मोडून खूश असलेलं माणूस तसं बसत नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं.

संयोगिता काम सोडतेय. एक तारखेपासून नेसरीला, घरी. दादांनी सकाळी सांगितलं. मी तसाच उठून तिला बाहेर चहाच्या गाड्यावर घेऊन गेलो. अंगात वीज. वाटलं, घरच्यांनी जबरदस्ती केली असेल. म्हटलं, नाव सांग, बघतो एकेकाला. ती हसली. तसली हसणारी माणसं मी कधी बघितली नव्हती.

"कुणाला मारतोस? डोळं चाललेत माझं."

मला आधी कळलंच नाही. तीच बोलत राहिली. तिची आक्का, थोरली बहीण, तिला आता काही दिसत नाही. धार काढायला हात धरून न्यावं लागतं. तिचं लग्न झालं होतं. नवऱ्यानं दोन वर्षांनी आणून सोडली.

"आक्काचं असंच सुरू झालतं. काम करता करता हळूहळू संध्याकाळ झाल्यागत व्हायचं म्हणायची. मग परत उजाडायचं. मला पण तसंच व्हायलंय. चहाच्या टायमाला तर रोज. घरातनं फोन आला, राजवीरचा आला, की लईच. आधी वाटलं, मॉनिटर गेला असंल."

मी म्हटलं, असेल की.

"न्हाय. मी वर तुझ्या स्क्रीनकडं बघायचो ना दर वेळी. तुझा लख्ख असायचा. म्हणजे माझंच डोळं."

माझ्या स्क्रीनकडं. माझ्याकडं नाही. माझ्या स्क्रीनकडं.

डॉक्टरकडं जाऊन आली. त्यांना काही सापडलं नाही. सुरुवातीला आक्काचंही सापडलं नव्हतं. म्हणून राजवीरला नाही म्हणाली. "त्याच्या गळ्यात कशाला पडायचं? चांगला हाय तो."

चहावर साय धरली. दोघांनीही प्यायला नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज एकदाही बटण दाबलं नाही. दिवसभर साठावर. ती घाबरत घाबरत काम करत होती, कधी अंधारतंय म्हणून.

सांगितलं की ती राजवीरकडं जाणार. सरळ आहे.

नाही सांगितलं तर? तर महिन्याभरानं मी नेसरीला जायचं. आक्काच्या पाया पडायचं. म्हणायचं, डोळे असोत नसोत, मला चालतंय. ती रडेल. हो म्हणेल. तिच्या घरचे मला देव मानतील. आण्णासुद्धा गप्प बसतील.

आणि ती रोज उठून बघणार, अंधार आला का. आयुष्यभर. न येणाऱ्या अंधाराची वाट. आणि मी शेजारी बसून तिला धीर देणार!

थू.

हे मी लिहिलंय? माझ्याच हातानं?

नाही सांगणार. सांगायचं धाडस नाही. सरांची कॉलर धरता आली, हे होत नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सांगितलं.

तोंडानं जमलं नाही. दादा बँकेत गेले होते. तिला हाक मारली, माझ्या खुर्चीमागं उभी केली. म्हटलं, तुझ्या स्क्रीनकडं बघ. माझं बोट बटणावर. तिकडं संध्याकाळ झाली. दुसरं दाबलं. उजाडलं. परत संध्याकाळ.

तिला समजायला वेळ लागला. मग तिनं हात पुढं करून स्वतः बटणं दाबली. वर, खाली. वर, खाली. लहान पोरागत. डोळ्यांतनं पाणी, आणि तोंडावर असला आनंद की मला वाटलं, माफ केलं.

मग तिनं बोट उचललं.

"अन् मी वर बघितलं की तू हसायचास."

तिचा उजेड साठावर ठेवला. प्रोग्रॅमची माझ्याकडची बाजू पुसून टाकली, बटणं तिच्या कीबोर्डला बांधून दिली. ती भिंतीकडं तोंड करून राजवीरला फोन लावत होती. मी बॅग उचलली, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.