बारीक दोऱ्याला जाड जोडीदार

गुरुवार, १४ मार्च, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

प्रिय ताई,

आत्तापर्यंत मी बाबांना सुया ओवून देत होतो. सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या आहेत, म्हणजे तासभर तरी मला हाक येणार नाही. तू म्हणशील, फोन का नाही केलास. फोनवर तू दोन वाक्यांत माझा निकाल लावतेस आणि मला जे बोलायचं होतं ते फोन ठेवल्यावर आठवतं. म्हणून पत्र. एकदा कच्चं लिहून झालं आहे, हे पक्कं.

शेडमधला बाबांचा लेथ विकायचा हे आपलं ठरलंच आहे, म्हणजे तू ठरवलंस आणि मी हो म्हणालो. गिऱ्हाईक रविवारी टेम्पो घेऊन येणार, हेही माझ्या लक्षात आहे. त्याच्याकडे येतोच. आधी दोऱ्यांचं सांगू दे, नाहीतर पुढचं तुला पटणार नाही.

हॉस्पिटलमध्ये हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनी बाबांना क्रॉस स्टिचचं, म्हणजे फुलीच्या टाक्यांच्या भरतकामाचं, किट घ्यायला सांगितलं. चेंडू दाबून बोटांत जोर येतो, पण नेमकेपणा येत नाही म्हणाल्या. किटमध्ये जाळीसारखं कापड, चित्राचा नकाशा, बोथट सुई आणि पुठ्ठ्याच्या भोकांत अडकवलेले रंगीत दोरे. चित्र तळ्याचं आहे, मागे झाडं, पुढे एक होडी. तीस वर्षं लेथवर लोखंड कातलेल्या माणसाच्या हातात हे द्यायचं म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं झालं. दोन दिवस खोका टेबलावर तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून परत आलो तर बाबांनी सगळे हिरवे दोरे काळ्या पँटवर मांडले होते. एकाच नंबरचे दोरे, पण एक फुगलेला, एक केसासारखा, एकाला मध्येच गाठ. माझ्याकडे न बघता म्हणाले, “हा माल पास कुणी केला?”

ताई, अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचं हे पहिलं अख्खं वाक्य. शब्द जड होते, पण सगळे जागच्या जागी होते.

मग मला शेडमधून मायक्रोमीटर आणायला लावला. दोऱ्याला मायक्रोमीटर. मी टोक धरायचं, ते डाव्या हाताने फिरवणार. दर वेळी वेगळं माप. दोरा दाबला की चपटा होणारच. बाबा त्याच्यावरच चिडले, “दाबलं की खोटं बोलतो हा.” मग त्यांनी भोकं पाडायचा एक जुना ड्रिल मागवला. त्याच्या गुळगुळीत दांड्यावर दोऱ्याचा एकेक पदर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायचा, वीस वेढे झाले की एकूण रुंदी व्हर्नियरने मोजायची आणि विसाने भागायचं. भागाकार माझ्याकडे. दुपारभर आम्ही तेच केलं. बारीक, मध्यम, जाड असे तीन ढीग झाले आणि मध्यम सोडून बाकी सगळं बाबांनी भंगार म्हणून केराच्या टोपलीत टाकायला लावलं.

इथे बाबांमधल्या टर्नरची चूक झाली. शेडमध्ये माल नापास केला की दुसरा येतो, किटमध्ये येत नाही. तिसऱ्या झाडाला गडद हिरवा संपला. मी किटवाल्या कंपनीला सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली, सोबत मापं जोडली. उत्तर आलं की माल हाताने भरलेला असल्यामुळे थोडाफार फरक संभवतो. बाबांना वाचून दाखवलं तर अर्ध्या तोंडाने हसले आणि म्हणाले, “टोपली आण.” नशीब, ती मी अजून रिकामी केली नव्हती, फक्त आदल्याच दिवशी चहाचा चोथा तिच्यात टाकला होता. दोरे धुऊन, वाळवून पुन्हा मांडले.

आता बघ हं, गंमत इथे आहे. दोरा सहापदरी असतो आणि टाका घालताना त्यातले दोनच पदर घ्यायचे असतात. बाबांनी एक बारीक पदर उचलला, एक जाड उचलला आणि दोन्ही एका सुईत घालायला सांगितले. टाका मध्यम आला. हुबेहूब. दोन्ही भंगार ढीग एकमेकांत जिरून गेले.

पाण्याच्या निळ्याचंही तेच झालं. एकाच नंबरच्या दोन तुकड्यांत एक विटका निघाला आणि तळ्याच्या मधोमध सरळ रेघ दिसायला लागली. मी उसवू या म्हणालो. बाबा म्हणाले, “उसवायला अक्कल लागत नाही.” त्यांनी सांधा होता तिथल्या काही ओळी मात्र उसवल्या आणि तिथे एक पदर गडद, एक विटका असं घालून पुन्हा भरल्या. आता खिडकीशी धरून मी ती रेघ शोधतो, सापडत नाही. लाल दोरा तर त्यांनी आधी पांढऱ्या चिंधीत ओला करून गुंडाळून ठेवला. चिंधी गुलाबी झाली. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायला लावला आणि मगच होडीला हात लावला. दोरा वीतभरच घ्यायचा, लांब घेतला की कापडातून जा-ये करून त्याची लव निघते, हेही त्यांचं त्यांनीच शोधलं.

वेल्डरकाका बघायला आले होते. दारातूनच ओरडले, “काय उस्ताद, आता मशीनला झालर लावणार की काय?” बाबा म्हणाले, “लावतो. तुझं वेल्डिंग झाकायला.” काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. जाताना जिन्यात मात्र डोळे पुसत होते.

या सगळ्यात बाबांनी माझीही परीक्षा सुरू केली. डोळे मिटायचे, चिमटीत पदर धरायचा, जाड की बारीक ते सांगायचं. पहिले काही दिवस मी सगळे चुकलो. तुला आठवत असेल, मी शाळा सोडून लेथवर उभा राहिलो आणि महिन्याभरात बाबांनी मला खाली उतरवलं होतं. तुझे हात घाबरतात म्हणाले होते. ते खरंच होतं. पण दोऱ्याला कोण घाबरणार? गेल्या आठवड्यात मी एकही चुकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी शेडची किल्ली मागितली.

काठी टेकत आले, लेथवरची ताडपत्री ओढायला लावली, तेल घालायला लावलं आणि स्वतः स्टुलावर बसले. मी उभा. वेल्डरकाकांच्या एका फाटकाला बिजागरीत बसणारे पितळी बुश हवे होते. पहिला केला. भंगार. दुसरा. भंगार. तिसऱ्याला माझ्या कपाळावरचा घाम पुसून दिला आणि म्हणाले, भंगारच आहे, पण सुधारलेलं. चौथा मी त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी व्हर्नियर उचलला, ताई, उजव्या हाताने. अंगठा दोनदा घसरला. तरी माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि बुश शर्टाच्या खिशात टाकला.

तू चुकली आहेस असं मी म्हणत नाही. हॉस्पिटलचं बिल तू भरलंस, आम्हाला तुझ्याकडे न्यायचं म्हणतेस, त्यात तुझा जीव आहे हे मला कळतं. पण आज दुपारी एक वाजता मी गिऱ्हाईकाकडे जाऊन त्याचा विसार परत दिला. कपाटात तसाच ठेवला होता, त्याला हात लावला नव्हता. टेम्पो रविवारी येणार नाही. तुला न विचारता मी केलेलं हे पहिलंच काम आणि ते सांगण्यासाठीच हे पत्र. बाबांना माहीत नाही. त्यांना वाटतं, मशीन अजून रविवारीच जाणार आहे, तरी रोज सकाळी मला शिकवतात. पत्र कुरिअरने पाठवतोय, शनिवारी मिळेल आणि लगेच तुझा फोन येईल, तर एवढंच कर, बाबांवर नको, माझ्यावर ओरड. आणि जमलं तर रविवारी टेम्पोच्या ऐवजी तू ये. विकायचा नाही हे त्यांना तूच सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर आधी विचारतील, ताईला विचारलंस का?

तुझाच,
धाकटा

गिऱ्हाईकाला परत केलेला विसार: पंधरा हजार.
टेम्पो रद्द केल्याची भरपाई, माझ्या खिशातून: पाचशे.
जास्तीच्या दोन हिरव्या लड्या, घाबरून आणल्या, लागल्याच नाहीत: साठ.
हॉस्पिटलपोटी तुला देणं: चाळीस हजार.
बुशांची मजुरी, आज तुझ्या खात्यात भरली: चारशे ऐंशी.
तुला द्यायचे राहिले: एकोणचाळीस हजार पाचशे वीस.