रविवारी नेलेली पाकिटं

॥ श्री ॥
के. आर. पुरम, बेंगळूरु
ता. ८ ऑगस्ट २०२५

चि. प्रणीत यास आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. रविवारी आलास तसा गेलास, कॉफीसुद्धा अर्धी टाकलीस. फ्रीज उघडून अळूवडीची सगळी पाकिटं पिशवीत भरलीस आणि पॅकिंग चुकलंय म्हणालास. अरे, पाकिटावर माझा फोटो छापतोस आणि मलाच वडी खाऊ देत नाहीस! होसकोट्याला एवढा कारखाना काढलास, पण घाई लहानपणचीच.

एक काळजी आहे. वर भाड्यानं राहते ती पुण्याची अंजली, तनयची बायको, तिला सातवा महिना. परवापासून तापानं फणफणलीय, काल इस्पितळात ठेवलं. डॉक्टर सारखे विचारतात, काय खाल्लं. ती बाहेरचं काही खात नाही रे. तू यायच्या आदल्या दिवशी मी तिला दोन पाकिटं दिली होती, तेवढीच काय ती आवडीनं खाल्ली, फ्रीजमधली तशीच थंड.

पुढच्या खेपेला सावकाश बसायला ये. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
सत्यवती आत्या


होसकोटे
ता. १० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास प्रणीतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. अंजलीबाईंचं वाचून वाईट वाटलं. हल्ली तापाची साथच आहे, थोडी विश्रांती मिळाली की बऱ्या होतील.

एक विनंती आहे. डॉक्टरांपाशी आपल्या वडीचं नाव काढू नकोस. गोष्ट उगाच पसरते. गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत, इथं इतक्या बायकांचं पोट या कारखान्यावर आहे. वर एखादं पाकीट उरलं असेल तर गुपचूप आणून टाकून दे.

तुला ताप वगैरे नाही ना? पोट दुखलं, अंग मोडून आलं, तरी लगेच कळव, मी गाडी पाठवतो. अण्णा गेल्यावर तूच मला वाढवलंस. तुला काही झालेलं मला सोसणार नाही.

आजवर सांभाळलंस तसंच पुढंही सांभाळ.

तुझा
प्रणीत


के. आर. पुरम
ता. १५ ऑगस्ट २०२५

प्रणीत यास,

तू लिहिलंस म्हणून मी डॉक्टरांपुढं गप्प बसले. तुझा शब्द होता.

परवा सकाळी दामोदरच्या दुकानात दूध आणायला गेले, तर त्याच्या फ्रीजवर तुझ्या कंपनीचा कागद चिकटवलेला. अळूवडीत जंतू असण्याचा धोका आहे, पाकिटं परत करा. मला वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. दामोदरनं कानाशी येऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्का, गर्भार बायकांनी तर मुळीच खाऊ नये म्हणून लिहिलंय, म्हणाला. दूध तिथंच ठेवलं आणि रिक्षा करून इस्पितळात गेले.

सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तुझ्या कारखान्यात फोन लावला. तपासणीच्या खोलीतली मुलगी खोटं बोलली नाही. वडीत जंतू निघालेत हे तुला शनिवारीच कळलं होतं. रविवारी तू माझ्याकडं आलास.

माझ्या फ्रीजपर्यंत धावत आलास, प्रणीत, आणि पॅकिंग म्हणालास. आत्या, यातली कुणाला दिलीस का, एवढं विचारायचंस. मी वर पळत गेले असते. ते राहू दे, माझं पत्र वाचल्यावर तर कळलं होतं? तेव्हाही तुला माझ्याच पोटाची काळजी.

डॉक्टरांनी औषध बदललं, अंजलीचा ताप उतरला. पण बाळाला त्याच रात्री काढावं लागलं. मुलगी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय. वाचेल का, कुणी सांगत नाही.

चौकशीला माणसं येणार आहेत. तू पाकिटं कधी नेलीस, काय सांगून नेलीस, मी सांगणार. तुझं पत्रही दाखवणार. मला थांबवायला येऊ नकोस.

काल अंजलीला भेटू दिलं. रविवारी तू पिशवी घेऊन निघालास तेव्हा तनय वर गॅलरीत उभा होता, त्यानं पाहिलं होतं. तिनं मला विचारलं, आत्या, तुम्हाला ठाऊक होतं ना? नाही म्हटलं. तुझी शपथ घेऊन नाही म्हटलं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

सत्यवती