वृंदावनातलं कॅटनिप

वलवण, लोणावळा

चि. आसावरी,

दीनानाथकाकाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत (माझा गुडघा सोडून, तो हल्ली कुणाचं ऐकत नाही). तुझी मांजर मजेत असेलच, कारण तिच्यापायी इथे मी मजेत नाही.

फोनच केला असता, पण काकू तो स्पीकरवर ठेवायला लावते, म्हणून लिहितो. तू दिलेलं कॅटनिपचं बी (मांजरांना झिंग आणणारा पाला, एवढंच मला समजलंय) गणपतीनंतर पेरलं. कुंड्या मांजरं उकरतात, आणि पावसात तुळस कुजल्यामुळे वृंदावन रिकामंच होतं, म्हणून तिथे पेरलं. महिनाभराने काकूने रोप पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मला न सांगता तुळस लावलीत?" मी मान हलवली (उभी की आडवी, ते मलाही आठवत नाही).

कार्तिकात या तुळशीचं लग्न लागलं. मी वधूपिता, सोवळं नेसून. मंगलाष्टकं सुरू होताच आळीतली मांजरं वृंदावनाशी येऊन लोळू लागली. आपल्याकडे दूध घालणाऱ्या कुसगावच्या लीलाबाई हात जोडून म्हणाल्या, "लय पुण्याची तुळस हाय, मुकी जनावरं बी लोटांगण घालत्यात." आता तू कळवतेस, फुलायच्या आत कापा, सावलीत वाळवा आणि पाठवा. जिचं कन्यादान केलं तिला कापू कसा? आणि खरं सांगितलं तर काकूचा तो आनंद परत कुठून आणू? तू रविवारी ये आणि काकूला भुशी धरणावर ने. तेवढ्यात मी नर्सरीतली खरी तुळस वृंदावनात बसवतो. (रविवारची गर्दी बघता तुम्ही सोमवारीच परताल, म्हणजे वेळ भरपूर आहे.)

तुझा,
दीनानाथकाका

ता. क. यातलं अक्षरही काकूला कळता कामा नये. पाकिटाला लावायचा डिंक सापडत नाही, तिलाच विचारतो.

ता. क. आसावरी, मी काकू. डिंक मीच लावतेय. पहिल्या पानाच्या वासालाच मला कळलं होतं. मागच्या दारी मी खरी तुळस लावली आणि तिचं लग्न आदल्या दिवशीच उरकलं. तुझा पाला अधूनमधून खुडून वाळवलाय, सोबत पुडी आहे. यांना काही बोलू नकोस. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज सकाळी माझ्याशेजारी हात जोडून उभे राहायला लागले ते या गवतामुळेच. रोप आता मान टाकायला लागलंय, तेव्हा बी आणखी पाठव. माझ्या नावाने.