दुरुस्त केलेली चिठ्ठी

प्रिय ताईस,

वाकून नमस्कार. (हे वाकणं कागदावरचंच समज, हल्ली मला मोजेसुद्धा धड घालता येत नाहीत.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भावोजींचा खोकला? आम्ही सगळे मजेत. पाच ओळींत चौथ्यांदा उठून येरझाऱ्या घालून आले, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

झालं असं, की वर्षभर उजवा गुडघा दुखतोय म्हणून मी त्याला तेल, शेक, पट्टा सगळं केलं. (एवढी सेवा सासूबाईंची केली असती तर नाव निघालं असतं.) शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय आत-बाहेर फिरवला, मी कळवळले, आणि त्यांनी एक्स-रेच्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘उजवा खुबा’. मला वाटलं, दमलाय बिचारा, सकाळपासून किती पेशंट बघितले असतील. तीस वर्षं वह्या तपासलेला हात माझा. बाहेर येऊन लाल पेनाने ‘खुबा’ खोडलं, वर सुवाच्य अक्षरात ‘गुडघा’ लिहिलं आणि फोटो काढून आणला. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, गुडघा झकास आहे तुमचा. पण हा मागितला कोणी?” (झकास ऐकून मी क्षणभर लाजलेसुद्धा.)

मग खुब्याचा फोटो निघाला, आणि त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा खुबा माझ्या हातात दिला. मांडीच्या हाडाचा गोल चेंडू कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. माझं ते झिजलंय, हाडावर हाड घासतंय, आणि त्याची कळ उतरते गुडघ्यात. शाळेत बाईंनी कपाटातला सांगाडा बाहेर काढला, तेव्हा मी घाबरू नये म्हणून तू माझे डोळे झाकले होतेस, आठवतं? त्यामुळे एवढा धडा माझा राहूनच गेला.

व्यायाम, गोळ्या, काठी यांवर काही दिवस निघतील, पण पुढे सांधा बदलावाच लागेल, असं ते म्हणतात. मी साफ नाही म्हणून सांगितलं. या वयात नवे सुटे भाग कशाला? मी अगदी खंबीर आहे. तू येण्याची तसदी मुळीच घेऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता.क. ऑपरेशन बारा तारखेला आहे. दहाला ये.

दुसरा ता.क. घरात अजून कुणाला सांगितलं नाही. ह्यांना तूच सांग. मी सांगायला गेले तर रडेन, आणि मग ते घाबरतील. आत नेताना बहिणीला दारापर्यंत येऊ देतात. मी विचारून ठेवलंय.